किती दिवस, ते पक्कं सांगा

फिजिओथेरपिस्ट लुबनाने बोटावरची पट्टी सोडवली तेव्हा पौर्णिमाने ओठ चावला. मधल्या बोटाचा मधला सांधा वरून सुजला होता. तिथे नुसता अंगठा टेकवला तरी पोरीने हात ओढून घेतला.

पट्टी कोणी बांधली, असं लुबनाने विचारलं. महिना झाला, सरांनीच बांधली, असं पौर्णिमाची आई वच्छला म्हणाली. ललित सर शेजारीच उभे होते. अमरावतीत ते पोरांना कृत्रिम भिंतीवर चढायला शिकवत. बारा दिवसांवर राज्य स्पर्धा होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ते फक्त 'चालेल' हा शब्द ऐकायला आले होते.

लुबनाने आधी एक्स-रे काढून आणायला लावला. चौदा वर्षांच्या पोरीचं हाड जिथून वाढतं, नेमकी तिथेच बारीक चीर होती.

"चढनं आजपासून बंद," ती म्हणाली.

"माह्या पंधरा पोरायचे बोटं पट्टीनंच बरे झाले, मॅडम. चढता चढता."

"आन जे बरे नाही झाले?"

"ते सोडून गेले."

"म्हंजे ते तुमी मोजलेच नाही." लुबनाचे कान तापले होते.

वच्छला दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "किती दिवसांत बरं होईन, ते पक्कं सांगा."

थांबायला हवं, यावर लुबनाने वाचलेल्या सगळ्या अभ्यासांचं एकमत होतं. किती दिवस, यावर नव्हतं. अभ्यास मोजके, त्यातली मुलंही मोजकी. दोन वर्षांपूर्वी मोठ्या माणसांवरचा एकच अभ्यास वाचून तिने दानियाल नावाच्या पोराला छातीठोक पंधरा दिवस सांगितले होते. त्याचं बोट अजून दुखत होतं.

"थांबाचं, हे पक्कं. दिवस पक्के नाही सांगत. दोन महिने, तीनबी लागतीन."

"मी सांगतो ना," ललित म्हणाले. "दहा दिवस."

वच्छलाने दहा दिवस निवडले. लुबना जिन्यापर्यंत मागे गेली, हाडाच्या डॉक्टरांना तरी दाखवा म्हणाली. कोणी वळून पाहिलं नाही.

स्पर्धेत पौर्णिमा दुसरी आली.

चार महिन्यांनी मायलेकी दोघीच आल्या. हाड वाकडं वाढलं होतं. वच्छला बसलीसुद्धा नाही.

"तवा तुमी जोरानं काहून नाही सांगतलं? तो मानूस दहा दिवस म्हने, तुमी म्हना पक्कं नाही. आमी कोनाचं आयकाव?"

सांगितलं होतं, असं लुबनाच्या अगदी ओठांवर आलं. तिचा संताप ललितवर होता, समोरच्या बाईवर होता, स्वतःवरही होता. तिने पोरीचा हात हातात घेतला.

"वाकडंच राहीन का?" पौर्णिमाने विचारलं.

"राहीन. दुखनं किती कमी होईन, ते मले आजबी पक्कं ठाऊक नाही."

वच्छला खुर्चीत बसली.

निघताना पौर्णिमाने हात जोडले. एक सोडून बाकीची बोटं एकमेकांना टेकली.