थोडक्यात हुकलेली परीक्षा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका लहान गावात शाळेची बस चालवायला माणूस मिळत नव्हता. शेवटच्या फेरीची मुलं रोज तासभर ताटकळत होती, आणि इकडे बसचालकांची परीक्षा घेणाऱ्या डेलमार हचिन्सकडे उमेदवार धडाधड नापास होत होते.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी व्हर्नेल टिपिट तिसऱ्यांदा परीक्षेला बसली. सगळं नीट झालं. पण बस मागे घेताना वाट आखायला मांडलेल्या केशरी शंकूंपैकी अगदी शेवटचा चाकाखाली गेला.

"थोडक्यात हुकलं! पण सिगार काही नाही!" डेलमार ओरडला.

बघत उभे असलेले चालक खो खो हसले. व्हर्नेलने किल्ली परत दिली आणि ती निघून गेली.

रविवारी जेवताना डेलमारने हा किस्सा रंगवून सांगितला. त्याच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने, ओपलबाईंनी, हातातला काटा खाली ठेवला.

"हे बोलणं कुठून आलं, ठाऊक आहे?"

"सगळेच म्हणतात की! जिंकता जिंकता हरलेल्याला."

"जत्रेतलं आहे ते. तुझ्या आजोबांचा खेळ होता. खांबाच्या तळाशी हातोडा हाणायचा, वरच्या टोकाची घंटा वाजली की सिगार बक्षीस. हुकलं की तेही असंच ओरडायचे. पण लगेच हातोडा पुन्हा हुकलेल्याच्या हातात द्यायचे! 'पाय फाकव, मधोमध हाण,' म्हणायचे. तू त्या बाईला काय सांगितलंस?"

"नियम म्हणजे नियम, आई."

"नियम मोड म्हणतंय कोण? टोमणा मारायला तोंड आहे, शिकवायला नाही? लाज वाटू दे मेल्या!"

सोमवारी डेलमार स्वयंपाकघरात गेला. व्हर्नेल बटाटे सोलत होती.

"अजून हसायचं राहिलंय का?"

"चुकलो मी, बाई. मागे येताना तुम्ही डावाच आरसा बघता. उजव्याकडे लक्षच नसतं."

"हे तुम्हाला तिन्ही वेळा दिसलं?"

"हो."

"आणि तिन्ही वेळा गप्प बसलात!"

"आता काय करू, ते सांगा."

"मला वाढीव गुण नकोत," व्हर्नेल ठामपणे म्हणाली. "रोज दुपारी बस द्या आणि शेजारी बसा. चुकले की तिथंच सांगा."

तीन आठवडे ती हटली नाही. चौथ्या परीक्षेत एकही शंकू हलला नाही! तेव्हा हसणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. पुढच्या सोमवारपासून शेवटच्या फेरीची मुलं व्हर्नेलच्या बसने वेळेवर घरी पोहोचू लागली.

बंधुभगिनींनो, आपल्या घरात, कचेरीत कुणी थोडक्यात हुकलं, तर हसण्याआधी त्याच्या शेजारी बसा. कुठे चुकलं ते सांगा, आणि पुन्हा एक संधी द्या!