न झिजलेले पॅड

रुझैनीच्या जुन्या प्रोटॉन गाडीची पुढची चाकं काढली आणि माझं डोकंच फिरलं. ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड दोन महिन्यांत पापडासारखे पातळ व्हायला हवेत. इथे पॅड जवळजवळ कोरे, डिस्कवर साधा ओरखडा नाही.

"बॉस, हे अजून वर्षभर चालतील," मी म्हणालो.

"तरी बदल. डिस्कसकट." चहाचा ग्लास हातात, नजर माझ्या पान्यावर.

ही वर्षातली तिसरी खेप. कारण मला ठाऊक होतं. नवे पॅड आधी आठ-दहा वेळा दाबून तापवायचे, निवू द्यायचे, तेव्हा कुठे ते डिस्कला धरतात. गेल्या वर्षी शर्यत सुटायला दोनच मिनिटं उरली होती, म्हणून मीच म्हणालो होतो, "जा रे, पहिल्या फेरीत तापतील आपोआप." सरळ रस्त्याच्या टोकाला त्याने पाय दाबला, गाडी थांबलीच नाही. भिंतीवर आदळून मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. लोकांना त्याने सांगितलं, "माझाच पाय घसरला." मला म्हणाला, "सोड, शुक्री. माफ केलं." आम्ही लहानपणापासूनचे दोस्त.

मी नवा जोड बसवला. त्याने पाना घेऊन एकेक बोल्ट पुन्हा आवळून पाहिला. राग आला, पण गिळला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर मी त्याच्या शेजारी बसलो. पॅड नीट तापवले, निवू दिले. मग तो पळवायला निघाला, तर वळण दोनशे मीटरवर असतानाच पाय ब्रेकवर. नवशिकी पोरं आपल्या गाड्या घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे गेली.

"अरे, उशिरा दाब! ब्रेक ठणठणीत आहेत, मी बसवलेत!"

"म्हणून तर," तो म्हणाला.

त्याने गाडी ट्रॅकच्या कडेला, दुरुस्तीच्या पिटमध्ये आणून थांबवली.

"माफ केलं म्हणाला होतास."

"केलंय की. पाय ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

"मग दुसऱ्या गॅरेजात जा ना! माझ्याकडे कशाला मरायला येतोस?"

"दुसरीकडे गेलो, तर चूक कुणाची होती ते सगळ्यांना कळेल. तुझं गॅरेज बसेल, गाढवा."

काचेबाहेर ती पोरं उभी होती. "काय आजोबा, चहा प्यायला थांबला होतात का वाटेत?" एकाने विचारलं, बाकीचे फिदीफिदी हसले. रुझैनीही हसला.

मी खाली उतरलो. पोरांना खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी चाकं निवली का ते बघत बसलो.