कुणाचं तरी गोणपाट

धाकट्याने गच्चीच्या कठड्यावरून एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, आणि दोराला बांधलेल्या फळीवर बसून तो खाली सरकला. कमरेची बादली भिंतीवर आपटून ठणठणली. दोर कठड्याच्या कडेवर ताणला गेला. त्याच्याखाली गोणपाट नव्हतं.

थोरल्याला ते आत्ता दिसलं असं नाही. धाकटा गाठ मारत होता तेव्हाच दिसलं होतं. गोणपाट पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी पडलं होतं. ते कडेवर घातल्याशिवाय उतरायचं नाही, नाहीतर सिमेंटची कड दोर कापते, हे धाकट्याला त्यानेच शिकवलं होतं. एक शब्द टाकला असता तर भागलं असतं. पण आठवडाभर दोघा भावांत अबोला होता, आणि अबोल्यात जो आधी बोलतो तो हरतो.

भांडण म्हणावं तर तेही धड झालं नव्हतं. चहा पिताना धाकटा मुकादमासमोर बोलून गेला, "दादाला आता उंचीची भीती वाटते, म्हणून काचा पुसायला मी उतरतो." सगळे हसले. ते खोटं असतं तर थोरलाही हसला असता.

तेव्हापासून घरात दोघे हवेशी बोलत. "कुणाला जेवायचं असेल तर पानं वाढलीत." "कुणाची आंघोळ राहिली असेल तर पाणी तापलंय." थोरल्याची बायको शेवटी वैतागून म्हणाली, "हा 'कुणी' आपल्याकडे राहायला आला कधी? भाडं तरी घ्या त्याच्याकडून!"

आजही टाकीकडे बघून 'कुणाचं तरी गोणपाट राहिलंय' एवढं म्हणता आलं असतं. थोरल्याने तेही म्हटलं नाही. विसरलाय ना, मग ओरडू दे स्वतःच, 'दादा, गोणपाट घाल' म्हणून. मारू दे आधी हाक.

धाकटा ओरडला नाही. दोर मात्र कडेवर करकरू लागला.

थोरला रांगत कठड्याशी गेला. तीनपदरी दोराचा एक पदर तुटून वर उभा राहिला होता.

डोकं बाहेर काढल्याशिवाय हाक खाली पोचणार नव्हती. त्याने काढलं. खालचा रस्ता गरकन फिरला.

"ए! अरे ए! हलू नकोस!"

ओ आली नाही. वाऱ्यात शब्द विरले असतील, पण हाक पोचली होती. धाकट्याची मान क्षणभर ताठ झाली, ती थोरल्याला ओळखीची होती. लहानपणी रुसला की अशीच व्हायची. मग भिंतीला पाय रेटून धाकट्याने मुद्दाम मोठा झोका घेतला, थेट पलीकडच्या काचेपर्यंत. दुसऱ्या पदराचे धागे सुटायला लागले.

पुन्हा हाक मारली तर हा आणखी मोठा झोका घेईल, हे थोरल्याला कळत होतं. गोणपाट आणलं तरी ताणलेल्या दोराखाली ते जाणार नव्हतं. आपण याला मारला, आपणच मारला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात धाकट्याने खिडकीवरच्या छज्ज्यावर पाय टेकले आणि दोर जरा सैल झाला. टाकीपर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. थोरल्याने कठड्यावर छाती टाकली, डोळे मिटले आणि डावा हात दोराखाली घातला. धाकट्याचे पाय छज्ज्यावरून सुटले आणि सगळा भार त्या हातावर आला.

थोरला ओरडला नाही. ओरडलो तर हा वर बघेल, बिथरेल, या भीतीने त्याने सदऱ्याची बाही दातांत धरली. धाकटा काचा पुसत पुसत जमिनीला टेकला, तेव्हाच हात सुटला.

लिफ्टने वर आला तेव्हा धाकटा 'कुणी कामात ओरडू नये' म्हणून तणतणतच होता. त्याने थोरल्याचा हात पाहिला, मग कड, मग दोर. रुमाल काढून त्याने थोरल्याच्या हाताला गुंडाळायला घेतला.

"दादा, तू हाक मारलीस ती ऐकली रे मी. मुद्दाम ओ दिली नाही."

थोरल्याने रुमालाचं एक टोक दातांत धरून गाठ ओढली.

"आणि गोणपाटही मीच विसरलो. तुला दिसलं असतं, तर तू उतरू दिलं असतंस का मला?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. थोरल्याने धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून 'दादाने वाचवलं' याशिवाय धाकट्याच्या तोंडी दुसरा विषय नाही. मुकादमाला सांगून झालं, शेजाऱ्यांना झालं, वहिनीला तर त्याने तीनदा सांगितलं. तीही दर वेळी पदराने डोळे पुसायची आणि नवऱ्याच्या ताटात आधी वाढायची. थोरल्याला घास गिळवत नसे.

हात बरा होण्याआधीच दोघे पुन्हा एका गच्चीवर आले. नवा दोर होता. धाकट्याने तो नुसता थोरल्यापुढे टाकला.

"मी आता काही बघतच नाही. वर तू आहेस."

थोरल्याने गोणपाट घातलं, गाठ ओढून बघितली, पुन्हा गोणपाट चाचपलं, पुन्हा गाठ. धाकटा पाठमोरा, कठड्याबाहेर पाय सोडून बसला होता. मजेत शीळ घालत होता.

"उतरू का, दादा?"

थोरल्याने खरं सांगायला तोंड उघडलं. शब्द येईना.

धाकट्याने मागे वळूनही पाहिलं नाही. हसत तो खाली सरकला.