भाजीच्या कप्प्यातल्या तेवीस बिया

मित्रांनो, गॅरेजच्या कोपऱ्यात आजपर्यंत घरघर करणारा तो जुना पांढरा फ्रिज म्हणजे मी. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, परीक्षितच्या घरी मी एकोणीस वर्षं काढली. उद्या मला न्यायला गाडी येणार आहे. त्याआधी एका हिवाळ्याची हकिकत तुम्हाला सांगतो, कारण उभ्या आयुष्यात तेवढं एकच काम मी जीव ओतून केलं.

आधी मी स्वयंपाकघरात होतो. बारशाचं श्रीखंड, इडलीचं पीठ, दिवाळीची मिठाई, सगळं माझ्याच पोटात. "फ्रिज नाही, घोडा आहे घोडा," असं परीक्षित पाहुण्यांना सांगायचा. मग दोन दारांचा चकचकीत फ्रिज आला आणि माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली. तिथे सोड्याच्या बाटल्यांखेरीज कुणी काही ठेवेना. गेल्या दसऱ्याला दोन्ही गाड्यांना हार घातले, मिक्सरलासुद्धा फूल वाहिलं. मी चार पावलांवर उभा होतो, पण माझी आठवण कुणाला झाली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरामागच्या रस्त्याच्या वळणावर ओकचं एक प्रचंड झाड होतं. परीक्षितचे वडील, मनोहर आजोबा, सांगलीहून आले की रोज सकाळी त्याखालच्या बाकावर बसायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गेल्या सप्टेंबरात परीक्षितची आई, शुभाआजी, एकट्याच आल्या आणि त्याच आठवड्यात कळलं की रस्ता रुंद करायला नोव्हेंबरात ते झाड तोडणार आहेत. आजी दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

शेजारची प्रीता ओढ्याकाठी झाडं लावणाऱ्या मंडळींबरोबर काम करते. ती म्हणाली, "काकू, झाड वाचणार नाही, पण त्याची पिल्लं वाढवता येतील." मग दोघींनी झाडाखाली वाकून वाकून दोन बादल्या बिया वेचल्या. टोपी घातलेल्या सुपारीसारखी असते ती बी. प्रीताने त्या पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या पोकळ, बुडाल्या त्या चांगल्या. चांगल्यांतल्या तेवीस तिने लाकडाच्या ओलसर भुशात घालून एका पिशवीत भरल्या आणि माझ्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. जवळचा भुसा तिथेच संपला. "बाकीच्या आपण शनिवारी करू, मी भुसा घेऊन येते," असं सांगून ती गेली. परीक्षित कामासाठी ओहायोला गेला होता.

आता आजींना बादलीत ओलं काही पडलेलं बघवतं का? त्यांनी जुनं लुगडं मागच्या लाकडी डेकवर अंथरलं आणि उरलेल्या सगळ्या बिया उन्हात पसरल्या. शनिवारी प्रीताला यायला जमलं नाही, म्हणून वाळवण आठ दिवस चाललं. खारी येतात म्हणून आजी काठी घेऊन राखण करत बसायच्या. कडधान्यासारख्या खडखडीत वाळवून त्यांनी त्या स्टीलच्या डब्यांत घट्ट भरल्या आणि वर झाडाचं नाव लिहून ठेवलं.

पुढच्या शनिवारी प्रीताने डबा उघडला आणि तिचा चेहराच उतरला. तिने बिया पुन्हा पाण्यात टाकल्या. एकूण एक वर आल्या. झाडाखाली तर खारींनी तोवर एकही बी उरू दिली नव्हती.

"काकू, हे धान्य नाहीये हो. ही बी वाळली की मरते. तिला ओल हवी आणि थंडी हवी."

आजींनी एक बी बोटाने पाण्याखाली दाबून पाहिली; ती पुन्हा वर आली. ओहायोहून परतलेला परीक्षित वैतागला, "आई, मला एक फोन तरी करायचास!"

"आणि वाळवायच्या नाहीत, हे मला कुणी सांगितलं होतं का रे?" आजी म्हणाल्या. "मी यांच्या झाडाची माती केली."

मी सगळं ऐकत होतो. चूक सगळ्यांची थोडी थोडी होती, पण झाड एकच होतं. नोव्हेंबरात करवतीचा आवाज दिवसभर गॅरेजपर्यंत आला. आता त्या झाडाचं या जगात जे काही उरलं होतं, ते माझ्या पोटात होतं.

आणि नेमकं तेव्हाच परीक्षित म्हणाला, "आई, इथे कारचा चार्जर बसवायचाय. जुन्या फ्रिजचा पिकअप बुक केलाय. बिया आतल्या फ्रिजमध्ये ठेव ना."

"आतला दिवसातून पन्नासदा उघडतो. गारवा सारखा राहायला हवा, असं प्रीता म्हणाली. पहिल्या माझ्या हातून गेल्या, या जाऊ देणार नाही. तो पिकअप कॅन्सल कर. आणि माझं डिसेंबरचं तिकीट मार्चचं कर."

मित्रांनो, माझी मोटर तेव्हाच थकली होती. जानेवारीत ती दोनदा बंद पडली आणि अंगातलं सगळं बळ लावून मी ती पुन्हा सुरू केली. आजी रोज सकाळी यायच्या, पिशवी चाचपायच्या, भुसा कोरडा वाटला तर चार थेंब शिंपडायच्या. मला भीती वाटायची, आपण मध्येच गेलो तर?

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी त्यांनी पिशवी उघडली आणि त्या तिथेच रडू लागल्या. सतरा बियांना पांढरी मुळं फुटली होती. आता त्या कुंड्यांत आहेत आणि वसंतात प्रीता त्यांना ओढ्याकाठी नेईल.

आज आजी विमानाला निघाल्या. जाताना माझ्या दाराला गंध लावलं, फूल ठेवलं आणि म्हणाल्या, "यांचं झाड सांभाळलंस हो." मग त्यांनी स्वतःच माझी वायर काढली.

मित्रांनो, माया सगळेच करतात. पण ज्याच्यावर करायची त्याला ऊन हवंय की ओल, एवढं आधी कुणाला तरी विचारत जा. मला आता काही नको. फक्त उद्या गाडीत चढवताना भाजीचा कप्पा पुसू नका. तिथे थोडा ओला भुसा राहिलाय, तेवढा असू द्या.