मारुतीपुढचं केशरी जाकीट

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही यावं. कीर्तनकार बुवा जसे मागच्यांना खुणेनं पुढे बोलावतात, तसंच समजा. माझा आवाज काही मोठा नाही. पण जी गोष्ट सांगणार आहे ती माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलेली आहे. तिच्यात पाणी आहे, देव आहे आणि बारा वर्षांची एक मुलगी आहे.

मी एक जुनं केशरी जाकीट आहे. थंडीत घालायचं नव्हे, पाण्यात घालायचं. शहरातले लोक मला लाइफ जॅकेट म्हणतात. माझ्या पोटात फोमचे जाड तुकडे आहेत, छातीवर दोन पट्टे आहेत आणि खांद्याला एक शिट्टी बांधलेली आहे. एका कारखान्यात आम्ही शेकड्यानं शिवले गेलो. त्यात मी सगळ्यात लहान मापाचा. मोठ्या जाकिटांच्या ढिगात मी असा दबून गेलो होतो की आपलं काही काम निघेल असं मला वाटलंच नव्हतं.

पण काम निघालं, आणि तेही थेट समुद्रावर! कोकणात एक सेवाभावी संस्था मुलांना वल्ह्याची नाव चालवायला आणि समुद्रात जीव सांभाळायला शिकवते. तिथल्या प्रतिमाताई उन्हानं रापलेल्या आणि शिस्तीला कडक. मुलांना त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "समुद्राची ओढ पाय धरून आत नेते. तिच्याशी भांडायचं नाही. उताणं व्हायचं, तरंगायचं, हात वर करायचा आणि शिट्टी वाजवायची." आणि दुसरा धडा असा, "कुणी बुडताना दिसलं तर आधी हाक, मग काठी, मग दोर. उडी सगळ्यात शेवटी, आणि तुम्ही मुलांनी तर नाहीच."

चार वर्षं मी खाऱ्या पाण्यात राबलो. रोज संध्याकाळी ताई आम्हाला गोड्या पाण्यानं धुवायच्या, सावलीत उलटं टांगायच्या आणि प्रत्येक पट्टा ओढून बघायच्या. त्यामुळे चार वर्षांत माझा एक टाका हलला नाही.

मग बुलडाणा जिल्ह्यातून एक पत्र आलं. जानेफळच्या पुढे धरणाच्या काठी एक गाव आहे. तिथले शाळामास्तर गजेंद्र सर यांनी लिहिलं होतं, 'आमची मुलं सहलीला येतात आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघून हात सोडून धावतात. त्यांना विहीर कळते, शेततळं कळतं. पाणी माणसाला ओढून नेतं हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना शिकवाल का?'

ताईंनी होकार दिला. दिवाळीनंतर एका टेम्पोतून चार नावा, वल्ही, दोर आणि आम्ही चौदा जाकिटं कपाशीच्या शेतांमधून त्या धरणावर पोचलो. ताईंनी पंधरा दिवस राहून सरांना आणि चौदा मुलांना शिकवलं. ठरलं असं, की दर रविवारी सरांनी सराव घ्यायचा. ज्याचे दहा रविवार पाण्यात पूर्ण होतील, त्यानं फेब्रुवारीअखेर कोकणात येऊन समुद्रात नाव घालायची. नऊ झाले तर नाही. आणि जाकीट मापाचं नसेल तर नावेत पाय ठेवायचा नाही, कारण मोठं जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं आणि जाकीट तरंगतं, मूल बुडतं.

चौदा मुलांत सगळ्यात लहान चणीची होती राखी. मी तिला असा बसलो, जणू माप घेऊन शिवलं होतं. तिनं समुद्र फक्त शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात पाहिला होता. पहिल्या दिवशी तिनं सरांना विचारलं, "सर, समुद्राचं पाणी खारं असते म्हन्तेत, त्यात मीठ कोन टाकते?" शेखर नावाचा एक वात्रट पोरगा लगेच म्हणाला, "तुही माय टाकते. भाजीत टाकून उरलं का तिकडं धाडते." सगळे हसले. राखीही हसली, पण रोज शाळेत जाऊन ती नकाशातल्या त्या निळ्या पट्टीवर बोट ठेवून यायची. हे तिनं मला सांगितलं. पट्टे आवळताना ती माझ्याशी हळूच बोलत असे.

पाच रविवार सुरेख गेले. पाचव्या रविवारी सराव संपला, नावा काठावर ओढून झाल्या, आणि ते घडलं.

गावातले भगवानराव नेहमीप्रमाणे पाण्यापलीकडच्या शेतातून येत होते. धरण झाल्यापासून तिकडचे शेतकरी ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून ये-जा करतात. पुढ्यात गवताचा भारा होता. काठापासून वीस-पंचवीस हातांवर ट्यूब फुसकन बसली. भगवानरावांना पोहता येत होतं, पण भाऱ्याचा दोर पायांत गुंतला. त्यांची बायको रुखमाबाई भारा घ्यायला काठावरच उभी होती. ती ओरडली, "मारुतीराया, माहा मानूस दे रे बाप्पा! ज्याच्यानं वाचला ते तुह्या पायी वाहीन!"

सर दूर नावा बांधत होते. राखीनं शिट्टी फुंकली. मग पाण्यात धावली नाही. तिनं मला अंगातून काढलं, दोराच्या टोकाला बांधलं आणि फेकलं. मी अलीकडेच पडलो. तिनं भराभर दोर ओढला, दोन पावलं बाजूला सरकली आणि पुन्हा फेकलं. या खेपेला भगवानरावांचे दोन्ही हात माझ्यावर पडले. एवढा धिप्पाड माणूस आणि मी एवढासा! पण मी खाली गेलो नाही. तेरा पोरांनी आणि धावत आलेल्या सरांनी दोर ओढला. भगवानराव काठाला लागले, खोकले, आणि पहिलं वाक्य बोलले, "भारा गेला काय वं?"

"आग लागो तुमच्या भाऱ्याले!" म्हणून रुखमाबाई तिथंच चिखलात बसून रडू लागली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात धन्य दिवस. पण त्याच दिवशी माझं काम सुटलं.

दुसऱ्या सकाळी रुखमाबाई वाजतगाजत मला मारुतीच्या देवळात घेऊन गेली. नवस तो नवस. शेखर म्हणालाही, "मंग राखीलेच वाहा न मारुतीले! फेकलं तर तिनं." त्याला एक धपाटा मिळाला. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला, छातीवर शेंदूर लागला आणि मारुतीशेजारच्या खुंटीवर मी विराजमान झालो. शनिवारी लोक देवाला तेल घालायचे आणि तेलाचा हात माझ्यावरून फिरवायचे. लेकुरवाळ्या बाया पोराचं डोकं माझ्यावर टेकवायच्या. मला वाटलं, वा, केवढा हा मान!

रविवार आला. देवळाच्या दारातून धरण दिसतं. तेरा मुलं पाण्यात गेली आणि राखी काठावर बसून राहिली. तिच्या मापाचं दुसरं जाकीट नव्हतं.

मोठ्या माणसांनी काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतं. पण देवाला वाहिलेली वस्तू परत कशी मागायची? गजेंद्र सर देवळापर्यंत आले, हात जोडले आणि तसेच परत गेले. ताईंना फोन करून दुसरं जाकीट मागवावं, तर 'आमच्या गावानं जाकीट मारुतीला वाहिलं' हे सांगायची त्यांना लाज वाटली. ताई फोनवर विचारायच्या, "सगळं ठीक?" सर म्हणायचे, "ठीक आहे ताई." राखीच्या आईनं एकदा विषय काढला, तर शेजारणी म्हणाल्या, "देवाच्या वस्तूवर डोया काऊन ठेवता वं?" आणि राखी? तिच्या रुखमामायचा माणूस वाचला होता. ती कशी बोलणार? दर रविवारी सकाळी ती देवळात यायची, मारुतीच्या पाया पडायची, माझा लोंबता पट्टा जरा सरळ करायची आणि काठावर जाऊन बसायची. असे पाच रविवार गेले. फुलांच्या ढिगाऱ्यात मी हरवलेल्या वस्तूसारखा टांगलेला होतो.

मग गावात सप्ताह बसला. सात दिवस देवळात हरिनाम! तुम्हाला खरं सांगतो, तेवढे सात दिवस माझं मन भरून आलं. टाळांचा ठेका सुरू झाला की माझ्या पोटातला फोमसुद्धा जागा व्हायचा. शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन होतं. त्याच दिवशी समुद्राच्या तयारीसाठी प्रतिमाताई गावात आल्या होत्या आणि बायांच्यात बसून ऐकत होत्या.

बुवा परगावचे. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. कीर्तन रंगात आलं असताना त्यांची नजर खुंटीवर गेली. ते थांबले. चिपळ्या खाली घेतल्या.

"मायबाप हो," बुवा म्हणाले, "हा मारुती. यानं अख्खा समुद्र एका उडीत ओलांडला. आणि तुम्ही त्याच्यापुढे काय टांगलं? तरंगायचं जाकीट! अहो, बुडायची भीती तुम्हाला आहे, का त्याला?"

सगळा मंडप खदखदून हसला. बुवाही हसले आणि टाळ पुन्हा सुरू झाला. एकटी रुखमाबाई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं मागे वळून राखीकडे पाहिलं. राखी मान खाली घालून बसली होती.

दहीहंडी फुटली. काल्याचा प्रसाद वाटायला सुरुवात झाली. रुखमाबाई उठली, गाभाऱ्यात गेली आणि तिनं मारुतीच्या पायावर डोकं ठेवलं. बराच वेळ ती तशीच होती. मग तिनं हात वर करून मला खुंटीवरून काढलं.

"अवं रुखमा, काय करतं?" बाया ओरडल्या. "नवसाचं हाय ते! देव कोपन!"

"निवद दाखवला का देवाले? दाखवला," रुखमाबाई म्हणाली. "मंग निवद देवापाशीच ठेवून सडवता, का लेकरायले वाटता? नवस माहा होता, तो फिटला. आता हा परसाद हाय. कोपला तर माह्यावर कोपन." आणि तिनं काल्याची वाटी आणि मला, दोन्ही राखीच्या ओंजळीत ठेवलं. "घे वं माय. जाय पान्यावर."

भगवानराव मागून म्हणाले, "मारुती नाही कोपत. मी बोललो त्याच्याशी."

"तुम्ही आधी भारा बांधायले शिका," रुखमाबाई म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं! पण प्रतिमाताई उठून पुढे आल्या. त्यांनी मला हातात घेतलं, शेंदूर पुसला, आणि सवयीनं माझा पट्टा जोरात ओढला. टरकन आवाज झाला. शिवण उसवली होती. दीड महिन्याचं तेल आणि दारातून येणारं ऊन. खाऱ्या समुद्राला चार वर्षांत जे जमलं नव्हतं, ते लोकांच्या प्रेमानं करून दाखवलं. मी तरंगत होतो, पण कुणाच्या अंगावर टिकणार नव्हतो.

"सर," ताई हळूच म्हणाल्या, "एक फोन केला असता तर चार दिवसांत दुसरं पाठवलं असतं."

"कसं सांगू ताई? देवाचं काम होतं."

"देवाचं नव्हतं, सर. तुमचं होतं."

सरांनी मान खाली घातली. रुखमाबाई म्हणाली, "म्या देवाले तेल घातलं, आन पोरीचं पानी तोडलं."

ताईंनी लगेच नवं जाकीट मागवलं. पण समुद्राला जायच्या आधी पाचच रविवार उरले होते, आणि जाकीट यायच्या आत त्यातला पहिला निघून गेला. उरलेले चार राखी पाण्यात होती. आधीचे पाच आणि हे चार, नऊ झाले. गावानं ताईंना पुष्कळ विनवलं. ताई म्हणाल्या, "मी हिला नऊवर नेलं, तर पुढच्या वर्षी आठ रविवारवाल्याला कोणत्या तोंडानं अडवू?" राखीनं एकदा ओठ चावला आणि म्हणाली, "हाव ताई."

मग ताईंनी तिला जवळ बसवलं. "राखी, तेरा नावाडी पाण्यात जातात तेव्हा काठावर एक माणूस लागतो. त्यानं बोलायचं नाही, खेळायचं नाही, नजर हलवायची नाही. दोर हातात ठेवायचा. ते काम मी आजवर कुठल्याही मुलाला दिलेलं नाही. येशील?"

आणि म्हणून मी पुन्हा समुद्रावर आलो, मित्रांनो. कुणाच्या अंगात नव्हे, दोराच्या टोकाला. माझे उसवलेले पट्टे कापून ताईंनी तिथं जाड गाठ मारली. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी तेरा मुलं लाटांवर वर-खाली होत होती. शेखर ओरडत होता, "राखे, लय खारं हाय वं!" राखीनं त्याच्याकडे पाहून उत्तर दिलं नाही. ती घोट्याएवढ्या फेसात उभी होती. शिट्टी दातांत, दोर उजव्या हातात, मी डाव्या. आणि ती मोजत होती. एक, दोन, तीन... तेरा. पुन्हा एक. जितका वेळ मुलं पाण्यात होती, तितका वेळ तिची मोजणी थांबली नाही. दोर फेकावा लागला नाही. काहीच घडलं नाही. तेरा गेले, तेरा परत आले. त्याहून मोठा चमत्कार मी देवळातही पाहिला नाही.

आता माझं एवढंच मागणं आहे. आमच्यावर बसू नका, आम्हाला तेल-कुंकू लावू नका. गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा आणि घालण्याआधी पट्टा जोरात ओढून बघा. आमची पूजा करायची असेल तर ती एवढीच. आणि कधी समुद्रावर गेलात, पाण्यात मनमुराद हसलात-खेळलात आणि कोरडे होऊन घरी सुखरूप पोचलात, की रात्रीच्या जेवणाआधी हात जोडता ना, तेव्हा घटकाभर राखीची आठवण ठेवा.