मिस्तरीची साक्ष

इंद्रभान मिस्तरीनं तांड्यावर साक्ष दिली ती खरी समजूनच दिली. पलटणीच्या वर्कशॉपात अकरा वर्षं काढलेला माणूस. शेलूबाजारात सडकेला लागून टिनाचं शेड टाकून बसला, तेव्हापासून त्यानं दुरुस्त केलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली नव्हती. एक सेवालालची सोडून.

सेवालाल किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा. एका जिनिंगवाल्याची पंचवीस वर्षं जुनी काळी विलायती मोटार विकत घेऊन तो भाड्यानं माणसं वाहायचा. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती मोटार रस्त्यात बंद पडू लागली.

"मिस्तरी, चांगली पळते, पळते आन् मंधातच गळा दाबल्यावानी करते," तो सांगायचा. "घंटाभर उभी राह्यली का पुन्हा चालू."

इंद्रभान आधी टाकीचं झाकण काढायचा, काडी बुडवून पेट्रोल पाहायचा. मग पंपाची काचेची वाटी, मग कार्बोरेटर. त्यानं जेट फुंकले, पंपाचा पडदा बदलला. उन्हानं नळीत वाफ धरत असेल म्हणून नळीवर फडकं गुंडाळलं आणि ते ओलं ठेवायला सांगितलं. दर वेळी स्वतः चार मैल चालवून पाहिली. गाडी कुठं अडली नाही. तिसऱ्यांदा मात्र तो चिडला.

"गाडीत काही नाही. तुह्या पायात खोट हाये. चढावावर दाबून धरतं तू."

"मी नाही दाबत."

"मंग मले कायले इचारतं?"

सेवालाल गाडी घेऊन गेला.

मे महिन्यात तांड्यावरच्या खेमाची बायको ललिताबाई अडली. कालपासून कळा येत होत्या, मूल खाली येत नव्हतं. खेमाची आणि सेवालालची शेताच्या धुऱ्यावरून, सामाईक बांधावरून, वर्षभर बोलचाल बंद होती. तरी खेमा दारात येऊन हात जोडून उभा राहिला. सेवालालनं डब्यातलं होतं नव्हतं तेवढं पेट्रोल ओतून टाकी काठोकाठ भरली, वाटेत थांबायला नको म्हणून. बाईला मागच्या सीटवर निजवलं, खेमाला तिच्याजवळ बसवलं आणि वाशिमचा दवाखाना गाठायला निघाला.

मालेगाव सोडून पाच-सहा मैल झाले आणि मोटार बंद पडली.

दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सेवालाल बॉनेट उघडून झगडत राहिला. मागून ललिताबाई पाणी मागत होती. मडक्यातलं उरलेलं पाणी सेवालालनं नळीवरच्या फडक्यावर ओतलं होतं, कारण मिस्तरीनं तसं सांगितलं होतं. तास गेला, दीड तास गेला. बाई गेली, पोटातलं लेकरूही गेलं. त्यानंतर सेवालालनं एकदा चावी फिरवली तर इंजिन सुरू झालं.

खेमाच्या डोक्यात तेच बसलं. "जीव होता तवर चालू झाली नाही," तो पंचांपुढं ओरडला, "आन् जीव गेल्याबरोबर चालू झाली! यानं मुद्दाम केलं."

तांड्याचा नायक लखीराम सबुरीचा माणूस. त्यानं इंद्रभानला बोलावून घेतलं, मोटार पुन्हा तपासायला लावली. इंद्रभाननं झाकण काढलं, काडी बुडवली, सगळं पहिल्यासारखंच तपासलं.

"गाडीत दोष होता का, मिस्तरी?"

"नाही. गाडी साफ हाये."

'मले सापडला नाही' असंही म्हणता आलं असतं. ते त्याच्या तोंडात आलं नाही. सेवालालनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

पंचांनी त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरी कुणी जायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. चौथ्या दिवशी सेवालाल पायीच कुठंतरी निघून गेला. मोटार इंद्रभानच्या शेडात येऊन पडली.

दोन महिन्यांनी सेवालालची बायको गोमतीबाई आली. म्हणाली, "इकून टाका." वाशिमला गिऱ्हाईक होतं. इंद्रभाननं टाकी गच्च भरली आणि निघाला. मालेगावच्या पुढं इंजिननं आचके दिले आणि गाडी उभी राहिली.

तो उतरला. टाकी आत्ताच स्वतः भरलेली, म्हणून आज झाकणाला हात न लावता तो सरळ पुढं गेला. पंपाची वाटी कोरडी. टाकीकडून येणारी नळी सोडवून त्यानं तोंडानं ओढली. पेट्रोलचा थेंब नाही. उलट नळीनंच त्याची जीभ ओढून धरली. तो मागं गेला, झाकण सैल केलं. फुस्स करून टाकीत हवा शिरली, किती वेळ शिरतच राहिली. परत येऊन नळी ओढली, तर तोंड पेट्रोलनं भरलं.

तो तिथंच सडकेवर बसला. मूळ झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र होतं. ते होळीच्या सुमाराला हरवलं, तेव्हा इंद्रभाननंच भंगारातलं दुसरं बसवून दिलं होतं, घट्ट, बिनछिद्राचं. पेट्रोल कमी व्हायचं, हवा आत यायची नाही, मग टाकीच पेट्रोल धरून ठेवायची. भरलेली टाकी लवकर धरायची. गाडी तासभर उभी राहिली की कुठल्यातरी फटीतून हवा हळूहळू झिरपायची आणि ती पुन्हा चालू व्हायची. आणि तो दर वेळी तपासायला आधी झाकणच काढायचा, म्हणजे दुखणं स्वतःच्या हातानं घालवून मग शोधायचा.

वाशिमला न जाता तो तसाच तांड्यावर गेला. लखीराम आणि खेमापुढं उभं राहून सगळं सांगितलं. मारतील म्हणून तयारीनं गेला होता. कुणी हात उचलला नाही.

खेमा म्हणाला, "दोन महिने त्याले शिव्या देऊन देऊन दिवस काढले, मिस्तरी. आता काय करू?"

लखीरामनं बंदी उठवली. सेवालाल पुसदच्या पल्याड धरणाच्या कामावर आहे असं गोमतीबाईनं सांगितलं. इंद्रभान एस.टी. बदलत तिथं पोचला. सेवालाल गिट्टी फोडत होता. हातोडा खाली न ठेवता त्यानं ऐकून घेतलं.

"म्हंजे झाकन काहाडलं असतं, तं चालू झाली असती?"

"हो."

"लगेच?"

खोटं बोलावं असं इंद्रभानच्या मनात येऊन गेलं. पण एकदा त्याच्या शब्दानं व्हायचं ते झालं होतं. "दोन मिनटात," तो म्हणाला.

सेवालालनं हातोडा खाली ठेवला. "माह्या हातात काही नव्हतं, हे मले पक्कं मालूम होतं. पंच काही म्हनोत. तेवढ्यावर जगून राह्यलो होतो. तुमी ते बी घेऊन गेले."

"बंदी उठली, सेवालाल. घरी चाल."

"खेमाच्या घरावरून जा-ये करा लागते तिथं," सेवालाल म्हणाला. "तुमी जा आता."

तो आला नाही. दिवाळीनंतर गोमतीबाईच लेकरं घेऊन त्याच्याकडं निघाली. शेलूबाजारच्या स्टँडवर इंद्रभाननं तिचं बोचकं एस.टी.च्या टपावर चढवून दिलं. ती खिडकीपाशी बसली. गाडी हलली तरी तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.