परक्या घरी जेवताना

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवते. सायखेड्याहून मेथी-कोथिंबीर घेऊन नाशकात यायचं, रस्त्याच्या कडेला बसायचं आणि गिऱ्हाईक जास्तच भाव पाडायला लागलं की त्याला चार शब्द सुनवायचे, यात माझी अर्धी उमर गेली. मग रस्ता रुंद झाला आणि माझी बसायची जागा गेली. नणंदेने गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात माझ्यासाठी शब्द टाकला. तिथे म्हणे आधी ट्रेनिंग असतं. मला हसू आलं. सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं मी केलेलं, मला कोण काय शिकवणार!

शिकवायला संध्या मॅडम होत्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, आवाज कडक, पण माणूस सरळ. पलंगावरच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, आपली कंबर न मोडता त्याला कसं उठवायचं, हे सगळं त्यांनी आम्हाला एकमेकींवर करून दाखवायला लावलं. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. जेवण असो, अंघोळ असो, औषध असो. समोरचा नको म्हणाला की नको. म्हातारा झाला म्हणून तो आपल्या मालकीचा होत नाही."

बाकीच्या बाया हसल्या. आपल्याकडे पाहुणा नको म्हणतो आणि आपण आणखी एक पळी वाढतो, त्यात काय एवढं! मी मात्र हसले नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी चुलीपाशी बसून आईला म्हटलं होतं, मला नको हे लग्न. मावशीने माझ्या गालाला हात लावून सांगितलं की पोरी असंच म्हणतात, लाजतात. नवरा वाईट निघाला नाही, तो भाग वेगळा. पण मी नको म्हटलं होतं आणि ते कुणाच्या कानातच शिरलं नव्हतं. त्यामुळे मॅडमचा तो नियम मला एवढा आवडला, की बाकी सगळं विसरले असते तरी तो विसरले नसते.

ट्रेनिंगच्या शेवटच्या भागात प्रत्येकीला एकेक माणूस दिलं. माझ्या वाट्याला नवसाबाई आल्या. चांदवडकडच्या, कांद्याच्या शेतीत आयुष्य गेलेल्या. मालक वारलेले, मुलगा हर्षल पुण्यात नोकरीला. मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि गावाकडे एकटीला कसं ठेवायचं म्हणून हर्षलने त्यांना इथे आणलं होतं. मॅडमनी मला सांगितलं, त्यांची तब्येत सुधारली तर तुझी नोकरी पक्की समज.

मी ताट घेऊन जायची. विचारायची, आजी, पोळी वाढू का? नको. वरण? नको गं बाई. बळंच दोन घास घ्यायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. मी लगेच ताट उचलायची. शेजारची एक जण म्हणाली, अगं जरा आग्रह कर. मी तिच्यावर फणकारले, तुला कुणी कोंबलं तर चालेल का? मॅडमनी ते ऐकलं आणि सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मी दिवसभर हवेत होते.

आणि नवसाबाई वाळत चालल्या. काठीला धरून चार पावलं टाकायच्या, तेही बंद झालं. पाय लटपटायचे. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, पुढच्या फेरीपर्यंत वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. हर्षलने फोनवर होकार दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तर सगळं नियमाने करत होते, मग ही बाई माझ्या डोळ्यांदेखत का चालली होती?

रविवारी गावाकडून त्यांची धाकटी जाऊ, साळूबाई, भेटायला आली. फडक्यात बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. तिने भाकरी पुढे केली. नवसाबाई म्हणाल्या, नको. साळूबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, भाकरी मोडली, ठेचा लावला. नको गं, आता खाल्लं मी. साळूबाई म्हणाली, गुमान खा बाई, एवढ्या लांबून आणली. माझ्या डोक्यात सणक गेली, मी दारातून आत शिरणार, तेवढ्यात नवसाबाईंनी घास तोंडात घातला. मग दुसरा. अख्खी भाकरी संपवली आणि दुसरीचीही अर्धी खाल्ली. मी तिथेच उभी राहिले.

बाहेर आल्यावर मी साळूबाईला विचारलं, हे काय? तिलाच नवल वाटलं. म्हणाली, "परक्या घरी पहिल्यांदा इचारल्यावर कुणी हात पुढं करतं का? सासूनं शिकवलेलंय आम्हाला. दोनदा नाय म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. हे तिचं घर हाय व्हय?"

ती बाई रोज माझ्या तिसऱ्या विचारण्याची वाट बघत होती आणि मी पहिल्यालाच ताट उचलत होते. तशीच तणतणत मॅडमच्या खोलीत गेले. म्हटलं, तुमच्या नियमाने त्यांना उपाशी ठेवलंय मी.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, विचार असं मी म्हटलं होतं, एकदाच विचार असं कुठे म्हटलं होतं?

"मग मलाही तेव्हा तीनदा विचारलं असतं तर ते बरोबर झालं असतं का?" असं म्हणून मी माझ्या लग्नाचं सगळं सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "नसतं झालं. पण यातला फरक कसा ओळखायचा, ते मला शिकवता येत नाही, छाया. माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचं. मला तरी एवढंच जमलंय."

त्या संध्याकाळपासून मी आग्रह करायला लागले. पहिल्यांदा जीभ उचलेना, कसंतरीच वाटलं. पण बघत राहिले. नवसाबाई नको म्हणायच्या तेव्हा नजर ताटात असायची, बोटं हलायची. मी म्हणायची, घ्या हो आजी, माझ्यासाठी. आणि त्या घ्यायच्या. डॉक्टर आले तोवर वजनाचा काटा थोडा पुढे सरकला होता. नळी टळली. मला रडूच आलं.

त्यानंतर हर्षल आला. चांगला मुलगा, आईच्या पायाशी बसला. तिच्या केसांत हात घातला तर झोपून झोपून नुसता गुंता. केंद्रात महिन्याला पार्लरची मुलगी येते, बहुतेक बायकांचे केस बॉयकट करून टाकते, धुवायला सोपं म्हणून. ती त्या दिवशी आलेलीच होती. हर्षल म्हणाला, आईचेही कापून टाका, तिलाच आराम पडेल.

नवसाबाई म्हणाल्या, नको.

हर्षल हसला. म्हणाला, ती असंच म्हणते हो, जेवायलाही म्हणायची ना? थोडा आग्रह करा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमही म्हणाल्या, छाया, तुझं ऐकतात त्या, तूच समजाव. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, आणि ती करायची की नाही हे त्याच मॅडमच्या हातात होतं.

मी खाली बसले. "आजी, कापायचे का केस?"

त्यांनी दोन्ही हातांनी अंबाडा धरला आणि थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. "नको."

मी उठले. "दादा, यांना नकोय."

"अहो, अजून एकदा विचारून बघा ना."

"नाही विचारणार. तिसऱ्यांदा विचारलं तर त्या हो म्हणतील. तुमच्यासाठी म्हणतील. मला तसं हो नको."

माझा आवाज चढला होता, मलाच कळत होतं. हर्षलचा चेहरा उतरला. गेली नोकरी, असं मनात म्हटलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, नवसाबाईंकडे बघितलं, आणि पार्लरच्या मुलीला शेजारच्या खोलीत जायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, गुंता आता तुलाच काढावा लागेल, रोज.

हर्षल फोन घेऊन व्हरांड्यात गेला. मी तेलाची बाटली आणि फणी घेऊन नवसाबाईंच्या मागे बसले. एकेक बट सोडवायला लागले. जेवणाची वेळ व्हायला अजून अवकाश होता. अर्धा गुंता सुटला असेल, तेव्हा त्यांनी मान न वळवता माझ्या हातावर हात ठेवला.

"पोरी, भूक लागली. भाकर हाय का?"

मी काहीच विचारलं नव्हतं.